मास्तरणीचा आवाज

रंगराव गाडी बघायला येणार म्हटलं, की शोरूमची पोरं तोंडावर चहा सांगायची आणि पाठ वळली की कपाळाला हात लावायची. हा माणूस ना मायलेज विचारायचा, ना रंग. सरळ गाडीपाशी जाऊन पुढचं दार उघडायचा, डोळे मिटायचा आणि दार लावायचा. मग मागचं. मग पलीकडची दोन. चारही दारं लावून झाली की बोट वाकडं करून बोनेटवर, छपरावर, डिकीवर टकटक करायचा आणि शेवटी निकाल द्यायचा. "घ्या. पत्रा इमानदार हाय." नाहीतर, "चला घरी. नुसता रंग हाय."

चाकणजवळच्या त्यांच्या गावात गेल्या वीस वर्षांत जेवढ्या गाड्या आल्या, त्यातल्या निम्म्या तरी रंगरावांनी दारं लावून बघितल्यावरच आल्या. गळ्यात जाड साखळी आणि छत उघडणारी गाडी याशिवाय ज्यांचं पान हलत नाही, असे गावातले नवे शेठही या बाबतीत गुमान रंगरावांच्या मागून चालायचे. का नाही चालणार? चाकणच्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये रंगरावांनी एकोणतीस वर्षं काढली होती. तिथे घराएवढं उंच मशीन वरून खाली यायचं आणि एका दणक्यात सपाट पत्र्याचं दार व्हायचं. मिनिटाला सात-आठ दणके. त्या गोंगाटात एखाद्या दाराला केसाएवढी चीर गेली, तर तिचा एक बारीक चिरका आवाज निघतो. तो बाकी कोणाला यायचा नाही, रंगरावांना बरोबर यायचा. कंपनीने कानात घालायला दिलेले नारिंगी बोळे ते खिशात ठेवायचे. बोळे घातले की चीर ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबलोक बोळ्यांचा आग्रह धरायचे आणि चीर सापडली की पाठही थोपटायचे. रंगरावांनी त्यातली फक्त पाठ थोपटलेली लक्षात ठेवली.

आता खरं काय ते सांगून टाकू. गेली सात-आठ वर्षं रंगरावांना नीट ऐकू येत नव्हतं. जाड आवाज यायचे, म्हणजे ट्रकचा हॉर्न, ढोल, दाराचा धप्प. बारीक आवाज मेले होते. मोबाइलची रिंग गेली, कुकरची शिट्टी गेली, पाखरं गेली. माणसांचं बोलणं पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं यायचं आणि ओठ दिसले तरच त्याचे शब्द व्हायचे. दार लावल्यावर आतली एखादी सैल पट्टी किणकिणते का, हे ते आता तळहात पत्र्यावर ठेवून ओळखायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा गाडीला आशीर्वाद देतोय.

हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. कंपनीत वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. ज्याचे कान गेले, त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकायचे. रंगराव काचेतून त्या तपासणाऱ्या बाईंच्या खांद्याकडे बघत बसायचे. बाईंनी आवाज सोडला की त्यांचा खांदा किंचित हलायचा. खांदा हलला की रंगराव बटण दाबायचे. शेवटची पाच वर्षं ते असे पास झाले आणि शाल-नारळ घेऊन, चांगल्या कानाचे म्हणून निवृत्त झाले.

घरीही त्यांनी तीच विद्या चालवली. बायको अंबुबाई म्हणायच्या, "कंपनी सुटल्यापासून ह्यांचं कशातच ध्यान न्हाई." गावात कोणी मागून हाक मारली आणि रंगराव तसेच पुढे गेले, तर लोक म्हणायचे, रंगराव मोठा झाला आता. मोठेपणाचा हा आळ त्यांनी खुशाल अंगावर घेतला. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा तो बरा होता.

आणि सगळ्यांत जास्त लपवायचं होतं ते तेजलपासून. तेजल ही त्यांची एकुलती एक मुलगी. सहा-सात वर्षांची असल्यापासून रविवारी ते तिला सायकलवर पुढे बसवून चाकणला न्यायचे. रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांवर टकटक करून म्हणायचे, "ऐक. हा पत्रा. आता हितं ऐक. ही पुट्टी. ठोकलेली गाडी हाय." दोन रविवारांत पोरगी डोळे मिटून पत्रा आणि पुट्टी वेगळी सांगायला लागली. तिसऱ्या रविवारी तिने बापाची चूक काढली. रंगराव इतके खूश झाले, की तिला दोन प्लेट भजी खाऊ घातली आणि घरी येऊन अंबुबाईंच्या शिव्या खाल्ल्या. पुढे ती इंजिनीअर झाली आणि चिंचवडच्या एका कंपनीत लागली. राहायचीही तिकडेच, सुट्टीला घरी यायची. काम काय, तर गाड्यांमधले इशाऱ्याचे आवाज तयार करायचे. पट्टा लावला नाही तर काय वाजावं, पुढची गाडी जवळ आली तर काय वाजावं. "असलं बी काम असतंय व्हय?" अंबुबाईंनी विचारलं होतं. रंगरावांनी गावात पेढे वाटले. आपला कान पोरीने पुढे नेला, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तर यंदा तेजलने घरासाठी विजेवरची गाडी घ्यायचं ठरवलं. अंबुबाईंचे गुडघे आता बसमध्ये चढू देत नव्हते. आठवड्यातून दोनदा त्यांना चिंचवडला व्यायामासाठी न्यावं लागे. गाडी रंगराव चालवणार, हेही ठरलेलं होतं. दोन गाड्या डोळ्यांसमोर होत्या आणि तेजलने त्यांना नावंही ठेवली होती. एक पैलवान. जाड पत्रा, भक्कम दारं, आत मात्र साधं, वळणावर इंडिकेटर टिकटिकला तरी खूप. दुसरी मास्तरीण. पत्रा बेताचा, पण आत मोठा पडदा, चारी बाजूंना कॅमेरे, आणि जरा चुकलं की लगेच ओरडणार, वेळ पडली तर स्वतः ब्रेक लावणार.

"अप्पा," तेजल त्यांच्या समोर मांडी घालून बसली. तिचे ओठ नीट दिसत होते. "मास्तरणीतले आवाज आमच्या टीमचे आहेत. आणि गाडी मागे घेताना कोणी आडवं आलं की जो वाजतो ना, तो माझा. माझा एकटीचा. दोन वर्षं लागली मला. तुमच्या कानावरून गेल्याशिवाय मला त्याचं काही वाटणार नाही. तुम्ही इमानदार म्हणालात की झालं."

सगळी दुनिया फसवता येते, पण ही पोरगी समोर बसून विचारणार, अप्पा, कसा आहे? त्याला काय उत्तर देणार?

त्यांना एकच वाट सुचली. ती गाडीच घरात येऊ द्यायची नाही.

त्या दिवसापासून रंगराव पैलवानाच्या बाजूने असे भांडायला लागले, जसा काही तो त्यांच्याच तालमीतला. "पडदा बघून गाडी घेत्यात व्हय? पडदा उद्या बंद पडंल. पत्रा तीस वर्षं ऱ्हातोय."

"अप्पा, पत्रा धडक झाल्यावर कामाला येतो. ही गाडी धडक होऊच देत नाही."

"ती कोण न होऊ देणारी? चालवणारा मी हाय न्हवं?"

"पत्रा पैलवानाचाच चांगला आहे, मी कुठं नाही म्हणतेय? पण एकदा ऐका तर. फक्त एकदा ऐका."

ती जितक्यांदा ऐका म्हणाली, तितका रंगरावांचा आवाज चढत गेला. कोंडीत सापडलेला माणूस बोलू नये ते बोलतो. रंगरावही बोलले. "टिंगटिंग वाजणारं खेळणं हाय ते! माणूस पत्र्यानं वाचतो, टिंगटिंगीनं न्हाई."

तेजलने हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "माझं काम टिंगटिंग आहे होय, अप्पा?" आणि ताटावरून उठून गेली. अंबुबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं, की रंगरावांना जमीन दुभंगावी असं वाटलं. जीभ कापून द्यावी, पण खरं सांगवेना. खरं सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? तू फोन करतेस तेव्हा मी मुद्दाम फोन तुझ्या आईकडे देतो, हे सांगायचं? दिवाळीत तू गाणं म्हटलंस आणि मी मान डोलावली, ती तुझ्या हनुवटीकडे बघून, हे सांगायचं? पोरीला अभिमान वाटावा असा बापाचा कान तेवढा उरला होता, आणि तोच नव्हता.

शेवटी अंबुबाईंनीच तोडगा काढला. दोन्ही गाड्या चालवून बघायच्या. रविवारी तिघं रावेतच्या बाजूला गेले. पैलवानाचं शोरूम आधी झालं. तिथे दारं मस्त लागली, धप्प असा भरलेला आवाज रंगरावांनाही आला, आणि मन हलकं झालं. मग मास्तरणीच्या शोरूममध्ये सनी नावाचा पोरगा पुढे आला. गळ्यात टाय, तोंडात "काका, काका". रंगरावांनी दार लावलं, तळहात ठेवला. पत्रा थरथरला. "पातळ हाय," ते म्हणाले. तेजलने चालवायच्या बाजूचं दार उघडून धरलं.

रंगरावांनी मनाशी आखणी केली होती. पास व्हायची युक्ती त्यांना ठाऊक होती. तपासणीच्या खोलीत बाईंचा खांदा होता, इथे तेजलचा चेहरा असेल. आवाज वाजला की पोरीच्या चेहऱ्यावर उमटल्याशिवाय राहणार नाही. ते उमटलं की मान हलवायची आणि छान म्हणायचं. मग पत्र्याचं कारण काढून पैलवान घ्यायचा. पोरीचं मनही राहील आणि गुपितही.

शोरूमच्या मागे मोकळी जागा होती. शेजारी तेजल, मागे सनी. अंबुबाई गाडीत न बसता भिंतीकडेच्या सावलीत उभ्या राहिल्या होत्या. रंगरावांनी गाडी पुढे नेली, वळवली. गाडी आवाजाविना चालते याचं सगळ्यांना कौतुक वाटतं. रंगरावांना त्यात नवीन काही नव्हतं.

"आता मागं घ्या, अप्पा," तेजल म्हणाली. "सावकाश. त्या प्लास्टिकच्या खांबापर्यंत. आणि ऐका."

खांब तिनेच सनीला ठेवायला सांगितला होता. रंगरावांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर मागचं दिसत होतं, आरशात दिसत होतं. पण रंगराव पडद्याकडे बघत नव्हते आणि आरशातही बघत नव्हते. ते तेजलच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाडी मागे सरकत होती. पोरीच्या भुवया उचलल्या गेल्या, ओठ उघडले, डोळे मोठे झाले. आला! रंगरावांनी मान डोलावली.

"छान हाय," ते हसून म्हणाले. "लई गोड हाय, तेजे. कानाला लागतच न्हाई."

त्याच क्षणी गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला. रंगराव पट्ट्यात पुढे आपटले. तेजल दार उघडून धावत सुटली. तेव्हा कुठे त्यांनी पडद्याकडे बघितलं. सगळा पडदा लाल झाला होता, आणि त्या लाल पडद्यात अंबुबाई दिसत होत्या. ऊन सरकलं म्हणून पलीकडच्या सावलीला निघाल्या होत्या, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी, सावकाश. डिकी आणि त्या यांच्यात वीतभर जागा होती. हातातली पिशवी खाली पडून संत्री सांडली होती.

अंबुबाईंना काही झालं नव्हतं. "आगं, बाई," एवढंच म्हणत त्या एका जागी उभ्या होत्या. सनी संत्री गोळा करत होता आणि गाडीच्या चपळाईबद्दल काहीतरी बोलत होता. रंगराव उतरले.

तेजल आईला सोडून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तो गोड नाहीये, अप्पा," ती म्हणाली. "तो कर्कश आहे. ऐकून माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जावा, म्हणून मी तो दोन वर्षं कर्कश केलाय. मी ओरडले. सनी ओरडला. तुम्ही हसत होता."

रंगराव तिच्या ओठांकडे बघत होते.

तेजल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणीचा पदर उचलून तोंडावर धरला आणि त्याच्या आडून काहीतरी बोलली. डोळे दिसत होते, ओठ दिसत नव्हते. पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं काहीतरी आलं, त्याचे शब्द झाले नाहीत. दोन-तीन शब्द असतील. सनीने मान खाली घातली. अंबुबाईंनी तोंडावर हात घेतला आणि त्या रडायला लागल्या. म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं होतं. ती काय म्हणाली, हे रंगरावांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही त्यांनी कधी विचारलं नाही.

"कधीपासून?" पदर खाली करून तिने विचारलं.

"लई दिस झाले," रंगराव म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे खांदा दिसेल अशी काच नव्हती. रंगराव नापास झाले. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, बोलणं जरा समजेल, पण बारीक आवाज गेले ते गेलेच. तेजलने तो तपासणीचा कागद कितीतरी वेळ हातात धरला. कागदावरची रेघ सुरुवातीला सरळ होती आणि मग विहिरीत उडी मारल्यासारखी खाली गेली होती. "माझा आवाज इथं आहे, अप्पा," तिने रेघ खाली गेली होती तिथे बोट ठेवलं. "आम्ही तो सत्तर जणांना ऐकवला. सगळे ऑफिसातले. प्रेस शॉपमधला एकही माणूस त्यात नव्हता. मला सुचलंच नाही. तुमच्या घरात वाढले आणि मला सुचलं नाही."

"माझ्यामुळं," रंगराव म्हणाले. "मी सुचूच दिलं न्हाई."

गाडी मास्तरीणच घेतली. त्यावर घरात एक शब्दही बोलणं झालं नाही. पत्र्याबद्दल रंगराव बरोबर होते, हे तेजलने सनीसमोरही कबूल केलं. पण त्या दिवशी मागून चाललेल्या अंबुबाईंना पैलवानाच्या जाड पत्र्याचा काय उपयोग झाला असता? रंगरावांनी आपणहून लायसन कपाटात ठेवलं. चिंचवडच्या खेपा आता शनिवारी आणि रविवारी तेजल करणार होती. पाहुणे-भावकीतला कोणी गाडी बघायला बोलवायला आला, की रंगराव हात जोडून सांगायचे, "दुसरं कुणी बघा. माझं आता काय खरं न्हाई."

गाडी अंगणात आली त्या दिवशी अंबुबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. रंगराव शेजारच्या सीटवर बसले होते, कानात नवं मशीन घालून. गाडी सुरू करून तेजल आईला म्हणाली, "आई, जरा मागं उभी राहा."

"आता आणि कशाला?" म्हणत अंबुबाई आरतीचं ताट हातात घेऊन मागे जाऊन उभ्या राहिल्या. तेजलने ब्रेकवर पाय घट्ट दाबला आणि रिव्हर्स टाकला. मग बापाच्या हाताला हात लावला. रंगराव वळले. तिने ओठ नीट दिसतील असे हलवले.

"ऐका."

चाकणच्या रस्त्यावर, सायकलच्या दांडीवर बसलेल्या पोरीला ते हेच म्हणायचे. रंगरावांनी डोळे मिटले. आयुष्यभर दारं लावताना मिटले, तसेच. डोळे किलकिले करून पडद्यावरचा लाल रंग बघता आला असता. पोरीचा चेहरा बघता आला असता. आला, म्हणता आलं असतं, आणि मशीनमुळे आला असेल असं तिने मानूनही घेतलं असतं. रंगरावांनी डोळे उघडले नाहीत. ते वाट बघत राहिले. कुठे काहीच नव्हतं. नुसती आत एक सपाट, लांबच लांब शांतता होती.

"न्हाई आला, पोरी," ते म्हणाले. "लई कान दिला. न्हाई आला."

मग सीट हलल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी डोळे उघडले. तेजलने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं. तोंड दिसत नव्हतं. मागे अंबुबाई ताट धरून तशाच उभ्या होत्या. तेजलचा खांदा हलत होता. खांदा हलतो म्हणजे आवाज होतोय, एवढं रंगरावांना पक्कं ठाऊक होतं.